थंडीत लहान मुलांना घेऊन उबेला जायचंय: ठिकाण कसं निवडावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोएडात राहणारं मराठी कुटुंब. मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा चौदा महिन्यांचा, सोबत सासूबाई. शाळेला जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सुट्टी. नोव्हेंबरपासून मुलं घरात कोंडलेली, मुलाचा खोकला हटत नाही. प्रश्न विचारणारी आई लिहिते, "फार काही बघायचं नाही. ऊब हवी, मुलांना अंगणात सोडता यावं आणि आम्हाला दोन रात्री सलग झोप मिळावी." त्यांच्या यादीत जैसलमेर, कच्छचं रण, केरळ, गोवा, अंदमान आणि दुबई आहे. यातलं काय निवडावं?

आधी उत्तर देते, कारणं मागून. सिंधुदुर्गातल्या शिरोडा ते वेंगुर्ले या पट्ट्यातलं एखादं घर किंवा दक्षिण गोव्यात बाणावली-वार्का भागातलं हॉटेल घ्या. सहाही रात्री एकाच छताखाली राहा. निघायचं ५ जानेवारीला. जैसलमेर आणि कच्छ या वर्षी यादीतून काढून टाका. अंदमान मुलगा चार वर्षांचा होईपर्यंत थांबू द्या.

मी २२ वर्षं कुटुंबांच्या सहली आखून देते आणि त्यातल्या बहुतेकांसोबत लहान मुलं असतात. माझं माहेर कुडाळचं आहे, तेव्हा सिंधुदुर्गाकडे माझा ओढा असणार हे धरूनच पुढचं वाचा. तरी जिथे गोवा बरा तिथे गोवाच म्हणेन.

उबेची जागा शोधताना लोक दिवसाचं तापमान बघतात. लहान मूल असेल तर रात्रीचं बघा. जैसलमेरला जानेवारीत दुपारी २३-२४ अंश असतात, ऊन कोवळं, फोटो सुंदर येतात. रात्री पारा ७-८ अंशांवर उतरतो आणि वाळवंटात तो झपाट्याने उतरतो, कारण वाळू उष्णता धरून ठेवत नाही आणि हवा कोरडी असते. कच्छचं तेच. नलिया हे गुजरातमधलं सगळ्यात थंड ठिकाण म्हणून दर हिवाळ्यात बातम्यांत येतं, आणि ते कच्छातच आहे. म्हणजे नोएडाची थंडी सोडून तुम्ही तंबूतली थंडी विकत घेणार.

हे मी चूक करून शिकले आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका कुटुंबाला डिसेंबरअखेर वाळवंटातल्या तंबूत पाठवलं. मुलगा दोन वर्षांचा. रात्री दोनच्या सुमारास तंबूचं कापड आतून ओलं झालं, दुलया गार पडल्या, मूल रडायचं थांबेना. आईवडील आळीपाळीने त्याला शालीत गुंडाळून गाडीत हीटर लावून बसले. सकाळी त्या बाईंचा फोन आला. त्या चिडल्या नव्हत्या, एवढंच विचारलं, "तुम्ही रात्रीचं तापमान बघितलं होतं का?" मी बघितलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक ठिकाणापुढे आधी पहाटेचा आकडा लिहिलेला असतो.

पहाटेचा आकडा १८ च्या वर असेल तर मुलाला एक सुती सदरा आणि पातळ चादर पुरते. रात्री लंगोट बदलताना ते कुडकुडत नाही, सकाळी सातला उठलं की थेट अंगणात जाऊ शकतं. १८ आणि १२ च्या मध्ये असेल तर सकाळचे दोन तास खोलीतच जातात. त्याखाली गेलं की तुमची सुट्टी हीटरभोवतीच फिरते. रत्नागिरीपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर जानेवारीत दुपारी ३१-३२ आणि पहाटे १९-२० अंश असतात. कोचीला पहाटेही २२-२३. याच कसोटीवर महाबळेश्वर बाद होतं, आणि केरळातलं मुन्नारसुद्धा. मुन्नारला जानेवारीत काही पहाटे पारा शून्याजवळ जातो आणि चहाच्या मळ्यांवर हिमकण दिसतात, हे केरळची तयार सहल विकणारे सहसा सांगत नाहीत.

दुसरी कसोटी प्रवासाची. इथे विमान किती तासांचं ते बघू नका. नोएडातल्या दाराला कुलूप लावल्यापासून मूल नव्या पलंगावर आडवं होईपर्यंत किती तास जातात ते मोजा. दोन वर्षांखालच्या मुलासाठी मी सात-साडेसात तासांची मर्यादा धरते. त्यापुढे त्याची दुपारची झोप मोडते, मग रात्रीची मोडते, आणि ते रुळावर यायला दोन दिवस लागतात. सहा रात्रींतल्या दोन अशाच गेल्या तर उरलं काय? दिल्ली ते गोवा विमान सुमारे अडीच तासांचं. विमानतळावर आधीचे दोन तास, घरून विमानतळ दीड तास, उतरून सामान घेऊन गाडीने सव्वा तास. सव्वासात झाले. मर्यादेत बसतं, पण काठावर, हे लक्षात असू द्या.

केरळची तयार सहल इथेच नापास होते. कोची-मुन्नार १३० किलोमीटर, घाटातून चार-साडेचार तास. मुन्नारहून ठेक्कडी पुन्हा घाट. ठेक्कडीहून अलेप्पी आणखी चार तास. दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा गाडी लागत नाही, त्यामुळे धाकटा निभावेल. पण दोन ते बारा हे गाडी लागण्याचं वय आहे. साडेचार वर्षांची मुलगी मागच्या सीटवर वळणावळणाला उलट्या करत असेल आणि आजी तिचं डोकं धरून बसल्या असतील. आणि हाउसबोट नको. तिच्या कडा उघड्या असतात, चालायला शिकलेलं मूल एक मिनिट खाली सोडता येत नाही. शिवाय मासेमारीच्या जाळ्यांमुळे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बोट काठाला बांधून ठेवतात, म्हणजे पुढचे बारा तास त्याच अरुंद जागेत. केरळच हवं असेल तर कोचीहून थेट अलेप्पीजवळच्या मारारीला जा आणि तिथेच राहा. सरळ वाळूचा किनारा, माडांची सावली, जवळपास चांगली रुग्णालयं. मऊ तांदळाची कंजी आणि वाफवलेलं नेंद्रन केळं चौदा महिन्यांच्या मुलाला आवडतंच. फक्त तिथली लाट आपल्या कोकणातल्यापेक्षा जोरदार असते, मुलांना पाण्यात न्यायचं ते पाऊल भिजण्यापुरतं.

अंदमानबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथले फोटो बघून मन वळतं. हवा उत्तम, पहाटे २३-२४ अंश. पण श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, गाठल्यावर खरा प्रवास सुरू होतो. सुंदर किनारे स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर आहेत, तिथे जायला दीड ते अडीच तासांची फेरी. वारा असला की ती डोलते. बेटावर प्राथमिक उपचार मिळतात, पण मुलाला श्वास लागला तर मोठं रुग्णालय समुद्रापलीकडे, आणि रात्री फेरी नाही. ज्या मुलाचा खोकला दोन महिने हटलेला नाही त्याला मी तिथे पाठवणार नाही. आणखी एक गोष्ट: ही बेटं भारतीय प्रमाणवेळेच्या मानाने खूप पूर्वेला असल्याने जानेवारीत संध्याकाळी पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो. दुपारी झोपून चारला उठणाऱ्या मुलाला जेमतेम तासभर उजेड मिळतो.

दुबई सोपी आहे. बाबागाडी सगळीकडे जाते, दवाखाने चांगले, विमान साडेतीन-चार तासांचं. पण जानेवारीत तिथे दुपारी २४ आणि पहाटे १४-१५ अंश असतात, समुद्राचं पाणी गार असतं. जायचंच असेल तर हॉटेलला पोहण्याच्या तलावाचं पाणी तापवलेलं आहे का हे लेखी विचारा. तुम्हाला अंगण हवंय, तिथे ते मिळणार नाही.

थायलंड तुमच्या यादीत नाही, पण कुणी सुचवलंच तर फुकेत-क्राबीची बाजू या महिन्यात कोरडी असते. श्रीलंकेत दक्षिण-पश्चिम किनारा, बेंतोटा ते मिरिसा. पूर्व किनाऱ्यावर तेव्हा पाऊस असतो. दोन्हीकडे पोहोचेपर्यंत सात तास उलटून जातात.

आता कोकण आणि गोवा.

तारखांपासून सुरुवात करते, कारण दिल्लीकडच्या लोकांना इथे मोठा फायदा आहे आणि तो बरेच जण घेत नाहीत. महाराष्ट्रातल्या शाळांची नाताळची सुट्टी १-२ जानेवारीला संपते. तोवर तारकर्लीपासून पाळोळेपर्यंत खोली मिळत नाही, मिळाली तर दुप्पट दराने, आणि रात्री उशिरापर्यंत गाणी. ३ तारखेला पुण्या-मुंबईच्या गाड्या घाट चढून जातात आणि किनारा रिकामा होतो. तुमची सुट्टी नेमकी तेव्हा सुरू होते. ५ ते ११ जानेवारी घ्या. दरही उतरलेले असतात आणि घरातल्या माणसांना तुमच्या मुलासाठी वेगळी पेज शिजवायला उसंत असते.

विमान दुपारचं घ्या, दोन्ही वेळा. दिल्लीचं धुकं मध्यरात्रीनंतर दाटतं आणि सकाळी नऊ-दहापर्यंत रेंगाळतं. पहाटे सहाचं स्वस्त तिकीट घेऊन विमानतळाच्या फरशीवर पाच तास काढलेली कुटुंबं मला माहीत आहेत. दुपारी एक ते चारमधलं विमान दोन हजारांनी महाग असलं तरी घ्या. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत मूल मांडीवर बसतं, वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखल्याची प्रत लागते. विमान उतरायला लागलं की त्याला दूध पाजा, गिळण्याने कानातला दाब सुटतो. मोठीच्या हातात पाण्याची बाटली द्या.

विमानतळ निवडताना घाई करू नका. गोव्यात आता दोन आहेत. मोपा उत्तरेला पेडणे तालुक्यात, जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला. दाबोळी वास्कोजवळ. शिरोडा, वेंगुर्ले, सावंतवाडीसाठी मोपा, तास-सव्वा तासात घरी. बाणावली, वार्का, केळशीसाठी दाबोळी. उलट केलंत तर अडीच तास गाडीत. मोपाहून मालवण-तारकर्लीलाही दोन-अडीच तास लागतात, म्हणून मालवण माझं आवडतं असूनही या वेळी तुम्हाला सुचवत नाही. सिंधुदुर्गाचा चिपीचा विमानतळ जवळ आहे, पण दिल्लीच्या प्रवाशाने त्याच्या भरवशावर बेत आखू नये. गाडी घरमालकांनाच आधी ठरवायला सांगा. मागच्या सीटचे पट्टे चालू आहेत का, हे फोनवर विचारा. लहान मुलाची गाडीतली खुर्ची तुमच्याकडे असेल तर विमानातून आणा, इथल्या भाड्याच्या गाडीत ती मिळत नाही. बाबागाडी मात्र घरी ठेवा. वाळूत आणि पाणंदीत ती चालत नाही, कडेवर बांधायची झोळी बरी.

गोवा की सिंधुदुर्ग, याचं उत्तर तुमच्या मुलाच्या छातीवर अवलंबून आहे. त्याला गेल्या दोन महिन्यांत वाफ द्यायला रुग्णालयात न्यावं लागलं असेल तर दक्षिण गोवा. बाणावली-वार्क्याहून मडगाव वीस-पंचवीस मिनिटांवर, तिथे जिल्हा रुग्णालय आणि बालरोगतज्ज्ञ आहेत, आणि बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज पुढे तासाभरावर. किनाऱ्यावर जीवरक्षक असतात, लाल-पिवळ्या झेंड्यांनी सुरक्षित पाण्याची हद्द दाखवलेली असते. नुसता रेंगाळणारा खोकला असेल तर सिंधुदुर्ग. वेंगुर्ल्यात उपजिल्हा रुग्णालय आहे, कुडाळला आणि सावंतवाडीला मुलांचे डॉक्टर आहेत. पण अवघड दुखणं झालं तर आमच्याकडची माणसंही बांबोळीच गाठतात, हे मी लपवणार नाही. दोन्हीकडे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना भेटा, औषधं आणि वाफ द्यायचं यंत्र असेल तर ते हातातल्या पिशवीत घ्या.

खोकला नसता तर मी डोळे मिटून सिंधुदुर्ग म्हटलं असतं, आणि कारण सासूबाई. बाणावलीच्या मोठ्या हॉटेलात त्या खोलीत बसून राहतील. शिरोड्याच्या घरात घरमालकीणबाई त्यांना सकाळी अबोली माळायला देतील, घावणे कसे पातळ काढायचे ते दाखवतील, आणि दोघी ओटीवर सुपारी कातरत बसल्या की मूल त्यांच्यापाशी रमेल. तुम्हाला जी दोन रात्रींची झोप हवी आहे ती अशानेच मिळते. शिवाय नोएडात वाढणाऱ्या मुलीला दुकानात, गाडीत, विहिरीवर सगळीकडे मराठी आणि मालवणी ऐकू येईल. माझ्याकडून गेलेल्या दिल्लीच्या एका आईने सांगितलं होतं, मुलगी परत आल्यावर महिनाभर "खंय गेलंस?" (कुठे गेलास?) विचारत होती. मला याचं मोल फार वाटतं.

घर निवडताना फोनवर काय विचारायचं ते सांगते. फोटोंत हे दिसत नाही. विहिरीला कठडा आहे का, आणि केवढा? कोकणात कितीतरी परसांत विहीर जमिनीच्या पातळीला असते, चालत्या मुलासाठी याहून मोठा धोका नाही. खोली तळमजल्यावर आहे का? घर आणि वाळू यांच्यामध्ये गाड्यांचा रस्ता आहे का? आंघोळीचं पाणी गिझरवर की परसातल्या चुलीवर? चुलीवर असेल तर तिचा धूर तुमच्या खिडकीत येतो का? दिल्लीच्या धुरातून सुटून चुलीच्या धुरात नको. शेजारी पालापाचोळा जाळतात का, हेही विचारा. वीज गेली तर पंखा चालतो का? रात्री दूध गरम करायला स्वयंपाकघर उघडं मिळेल का? मच्छरदाणी आहे का? घरात कुत्रं असेल तर त्याला लस टोचलेली आहे का? या प्रश्नांना जी बाई न कंटाळता उत्तरं देते, तिचं घर घ्या. जी "सगळं आहे, या तुम्ही" म्हणते, तिला पुन्हा एकदा विहिरीचं विचारा.

समुद्राचं आता. जानेवारीत अरबी समुद्र शांत असतो. सकाळी जमिनीकडून मतलई वारा वाहतो, पाणी जवळजवळ सपाट असतं. दुपारी खारा वारा सुटला की लाटा उठतात. म्हणून मुलांचा वेळ सकाळचा, आठ ते दहा. पुन्हा पाचनंतर. मधल्या वेळात ऊन कडक असतं, आणि दोन महिने धुरक्यात राहिलेल्या मुलांची कातडी लगेच भाजते. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, टोपी, उघड्या भागावर मुलांचं सनस्क्रीन.

भरती-ओहोटीचा हिशेब आमच्याकडे पंचांगावर करतात. पक्षातली तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि सहा तासांनी, नऊला, ओहोटी. तास-दीड तास इकडेतिकडे धरून चाला. लहान मुलांना सकाळी पूर्ण ओहोटीची वेळ उत्तम. वाळू ओली, घट्ट आणि रुंद, मध्ये घोट्याएवढ्या पाण्याची डबकी, त्यांत खेकड्यांची पिल्लं. तृतीया ते पंचमीचे दिवस त्यासाठी नेमके. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी वर चढतं आणि उतरताना जोराने ओढतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढउतार कमी. पाणी उतरत असताना मुलाला गुडघाभर पाण्यातही उभं करू नका, हात धरलेला असला तरी. तुमच्या तारखा ठरवताना सासूबाईंनाच कालनिर्णय उघडायला सांगा.

सगळे किनारे सारखे नसतात. शिरोड्याचं वेळागर आणि वेंगुर्ल्याचं सागरेश्वर रुंद आणि उतरते आहेत. दापोलीजवळचं कर्दे त्याहून सपाट, पण तुमच्या विमानतळापासून लांब. गणपतीपुळ्याला देवदर्शन करा, पाण्यात मात्र मुलांना नेऊ नका. तिथे तळ एकदम खोल जातो आणि तिथल्या बुडण्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. गोव्यात पाळोळेचा उपसागर वाटीसारखा, पाणी उथळ. शेजारचं आगोंद दिसायला त्याहून देखणं, पण तिथे ओढ आहे. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक मोजके, म्हणून दोन मोठ्यांपैकी एकाने त्या वेळात फोन घरी ठेवावा.

बघायला काय? एक दिवस सोडून एक, अर्ध्या दिवसाचं एकच ठिकाण. सावंतवाडीची चितारआळी तुमच्या मुलीसाठी. लाकडी खेळणी, लाकडाची रंगवलेली फळं, आणि काही ठिकाणी ती रंगवताना बघायला मिळतात. मोती तलावाच्या काठाने एक फेरी. रेडीचा गणपती सासूबाईंसाठी. शिरोड्याची मिठागरं जाता-येता दिसतील, १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथेही झाला होता, मुलीला तो मोठी झाल्यावर सांगा. आंब्याला तेव्हा मोहोर असतो. सिंधुदुर्ग किल्ला, जो जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, तो या खेपेला राहू द्या. मालवणला जाण्यायेण्यात दिवस जातो, होडीत चौदा महिन्यांच्या मुलाच्या मापाचं जाकीट सहसा मिळत नाही, आणि मोठ्यांच्या जाकिटातून लहान मूल निसटतं.

खाण्याची चिंता करू नका. उकड्या तांदळाची पेज, वर तूप, मऊ भात, आंबोळी, रस-शिरवाळे. यावर मूल आठवडा सहज काढतं. तिखट वेगळं ठेवायला सांगा. मासा द्यायचा तर सुरमईचा काटा काढलेला तुकडा. बांगडा आणि तारली लहानांना नको. कोळंबी आणि काजू त्याने आजवर खाल्ले नसतील तर ते पहिल्यांदा घरी, तुमच्या डॉक्टरांच्या जवळ असताना द्या, प्रवासात नाही. शहाळ्याचं पाणी चालेल, दुधाच्या जागी नाही. पाणी उकळलेलं. ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा आणि पाकिटावर लिहिलंय तितक्याच पाण्यात विरघळवा, कमी पाण्यात घट्ट करून दिलं तर अपाय होतो. डासांसाठी मच्छरदाणी पहिली. मलम लावायचं तर डॉक्टरांना विचारून, आणि लिंबूगंधी निलगिरीचं तेल असलेलं तीन वर्षांखालच्या मुलाला अजिबात नको.

पहिल्या दिवशी काहीच करू नका. सहा अंशांतून बत्तीस अंशांत आलेलं मूल पहिले चोवीस तास चिडचिडं असतं, मानेवर घामोळं येतं. मोपाला उतरताच विमानतळावरच स्वेटर, मोजे, टोपडं काढून पातळ सदरा घाला, घरी पोहोचण्याची वाट बघू नका. त्यासाठी एक जोड हातातल्या पिशवीत हवा. संध्याकाळी फक्त वाळूपर्यंत जाऊन या. मुलगी धावेल, धाकटा पहिल्यांदा वाळूवर पाय ठेवून बहुधा रडेल. आपला वेळ घेऊन तिसऱ्या दिवशी तोच वाळू खायला लागेल.

परतीला हेच उलट. ११ तारखेचं दुपारचं विमान, दिल्लीत सहाच्या आत उतरेल असं. स्वेटर, टोपडी आणि सासूबाईंची शाल मोठ्या बॅगेत टाकू नका. सामान येईपर्यंत अर्धा तास जातो आणि विमानतळाच्या दाराबाहेर गाडीची वाट बघताना थंडी बोचते. ते सगळं पायापाशी ठेवलेल्या पिशवीत असू द्या.